भिंत तिकडे, प्रती इकडे : अजिंठ्याची रेघ आणि हैदराबादचे सय्यद अहमद

जुन्या चित्रकाराची शैली नव्या चित्रकाराच्या हातात कशी उतरते? कलेच्या पुस्तकांत याचं उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात मिळतं : ‘प्रभाव’. अमक्यावर तमक्याचा प्रभाव होता, संपलं. पण हा प्रभाव येतो कुठून, डोळ्यातून की हातातून, आणि तो काहींवर पडतो आणि काहींवर पडत नाही तो का, हे कोणी फारसं सांगत नाही. आम्ही इंजिनिअर मंडळी, आम्हाला ‘झालं’ एवढ्यावर समाधान नसतं. ‘कसं झालं’ ते बघायचं असतं.

या प्रश्नाचा छडा लावायला हैदराबादकराला लांब जायला नको. नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य वस्तुसंग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचं दालन आहे. लोक तिथे जातात ते इजिप्तची ममी बघायला. ममी बघून झाली की मुलं दमलेली असतात, आणि अजिंठ्याच्या दालनातून सगळे पाच मिनिटांत बाहेर पडतात. ‘नकलाच तर आहेत’ असंही कानावर येतं. या नकला ज्यांनी केल्या त्यांत मुख्य नाव सय्यद अहमद यांचं, आणि त्यांच्यासोबत मोहम्मद जलालुद्दीन यांचं. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, की आधुनिक भारतीय चित्रकलेत अजिंठ्याची जी रेघ पुन्हा उमटली तिच्या वाटेवर हैदराबादचे हे हातही होते, आणि आपण त्यांना विसरलो आहोत.

प्रतिध्वनी गुंफेतच सुरू झाला

अजिंठ्याची चित्रं एका काळातली नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. क्रमांक ९ आणि १० च्या गुंफा सातवाहनांच्या काळातल्या, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. १, २, १६ आणि १७ या वाकाटक राजा हरिषेणाच्या आगेमागे, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. दोन्हींच्या मध्ये पाचशेहून जास्त वर्षं जातात.

आता गंमत बघा. दहाव्या गुंफेत षड्दंत जातकाची कथा रंगवली आहे. सहा सुळ्यांचा हत्ती, त्याच्यावर गेल्या जन्मापासून राग धरलेली राणी, तिने पाठवलेला शिकारी, स्वतःहून सुळे देणारा हत्ती, आणि ते सुळे समोर आल्यावर कोसळणारी राणी. हीच कथा सतराव्या गुंफेत पुन्हा रंगवलेली आहे. दहाव्या गुंफेत ती एका लांब पट्ट्यात चालते. आपल्याकडे चित्रकथीची पोथी एकेक पान पुढे सरकते तशी. सतराव्यात पट्टा सुटलेला आहे, प्रसंग भिंतभर पसरले आहेत आणि एकमेकांत मिसळले आहेत. पण हत्तींचा कळप, जंगलाची दाटी, जनावराच्या अंगाचा भार दाखवणारी बाहेरची रेघ, यात नातं दिसतं.

सतराव्या गुंफेच्या चित्रकाराला दहावी गुंफा चार पावलांवर होती. त्याने ती पाहिली नसेल असं मानणं कठीण आहे. म्हणजे जुन्याची शैली नव्यात उतरण्याचा पहिला दाखला याच दरीत आहे. आणि दोन्ही चित्रकारांची नावं आपल्यापाशी नाहीत. सोळाव्या गुंफेत वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, सतराव्यात स्थानिक राजाचा दानलेख आहे. पैसे देणाऱ्यांची नावं दगडात कोरली गेली. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या गुंफेत आपलंही नाव कोरून ठेवलं. ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांचं एकही नाव नाही.

शैली म्हणजे नेमकं काय उचलायचं

नक्कल करणाऱ्याच्या जागी उभं राहून विचार करायचा तर आधी मूळ काम कसं झालं ते बघावं लागतं. बेसॉल्टचा खडबडीत पाषाण. त्यावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत आणि झाडपाल्याचे तंतू मिसळलेले. वर पातळ पांढरा थर. त्या पांढऱ्यावर आधी गेरूने आखणी. मग रंग भरायचे : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि शेवटच्या काळात दूर अफगाणिस्तानकडून आलेला लाजवर्दी निळा. रंग कोरड्या भिंतीवर, डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून. ओल्या चुन्यावरचं इटालियन फ्रेस्को ते हे नव्हे, जरी सवयीने सगळे ‘अजंता फ्रेस्को’ म्हणतात. शेवटी, रंगांखाली पहिली आखणी बुडालेली असताना, पुन्हा एकदा बाहेरची रेघ ओढायची, तांबूस तपकिरी किंवा काळी.

या शेवटच्या रेघेत अजिंठ्याचं अर्धं मर्म आहे. ती सगळीकडे सारख्या जाडीची नसते. खांद्यावरून खाली येताना भरते, मनगटापाशी बारीक होते, कमरेच्या वळणावर पुन्हा जड होते. सावली न घालताही अंगाला गोलाई येते ती तिच्यामुळे. सावलीही आहे, नाकावर, हनुवटीवर उजळ ठिपके आहेत, पण तो उजेड एका खिडकीतून आलेला नाही. राजवाड्याचे खांब आणि छपरं एका बिंदूकडे धावत नाहीत. जे ज्या बाजूने चांगलं दिसेल ते त्या बाजूने दाखवलं आहे. आणि एका प्रसंगातून दुसऱ्यात जायला चौकट लागत नाही; एखादं झाड, एखादं दार, एखाद्या दासीची मागे वळलेली मान पुरते.

हे सगळं ज्याच्या हातात येईल त्याच्यात अजिंठ्याची शैली उतरली, असं म्हणता येईल. मापं जुळली पण हे आलं नाही, तर नुसती प्रत झाली.

जिथे प्रतिध्वनी उमटला नाही

पहिला मोठा प्रतकार रॉबर्ट गिल. १८४४ पासून जवळपास वीस वर्षं तो इथे होता. गिल आणि पारो यांची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे, ना. धों. महानोरांचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि पुढे त्यावरचा सिनेमा यांनी ती घरोघरी पोचवली. गिलने तैलरंगात मोठे कॅनव्हास केले. ते लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या आगीत चार-पाच वगळता सगळे जळाले.

मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन हिवाळ्यांत येत राहिले. सुमारे तीनशे प्रती झाल्या. त्यांतला मोठा भागही लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ च्या आगीत गेला. उरलेल्याच्या आधारे १८९६-९७ मध्ये त्यांचे दोन मोठे खंड निघाले.

ग्रिफिथ्सना मनापासून वाटत होतं, की हिंदी विद्यार्थ्याला शिकायला अजिंठ्यासारखी दुसरी शाळा नाही. आता त्यांच्या हाताखालचा सर्वांत गुणी विद्यार्थी बघा, पेस्तनजी बोमनजी. ऐन उमेदीची वर्षं या माणसाने अजिंठ्याच्या भिंतीसमोर काढली. पुढे तो मुंबईचा नामांकित व्यक्तिचित्रकार झाला. पारशी घरांतली माणसं, खिडकीतून येणारा उजेड, रेशमी साडीची चमक, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, सगळं उत्तम. पण त्यात अजिंठा शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. ती युरोपी वास्तवदर्शी चित्रकला आहे. बोमनजीला जवळचा वाटलेला चित्रकार होता व्हॅलेंटाइन प्रिन्सेप, जो १८७७ च्या दिल्ली दरबाराचं चित्र करायला विलायतेहून आला होता.

असं का व्हावं? मला सुचतं ते उत्तर साधं आहे. ग्रिफिथ्सचे विद्यार्थी भिंतीसमोर आले ते एक पद्धत आधीच अंगात मुरवून : तैलरंग, छाया-प्रकाश, रेघ रंगात विरघळवून टाकायची. अजिंठा त्यांनी त्याच पद्धतीत भाषांतरित केला. भाषांतर करणाऱ्याला मूळ भाषा बोलता येईलच असं नाही. शिवाय प्रत हे सरकारी काम होतं. ते संपलं की गिऱ्हाईक व्यक्तिचित्र मागत होतं, बोधिसत्त्व नव्हे. जे. जे. च्या त्या पिढीत अजिंठा उतरला तो चित्रांत नव्हे, तर कुंभारकामात : शाळेच्या मातीच्या भांड्यांवर अजिंठ्याच्या छतांवरच्या वेलबुट्ट्या आल्या. मुंबईच्या चित्रकारांनी अजिंठ्याकडे शैली म्हणून पाहिलं ते बऱ्याच नंतर, १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केल्यावर आणि पुढे जगन्नाथ अहिवासी भारतीय शैली शिकवू लागल्यावर.

दोन हिवाळे, एकच पहाड

१९०९-१० आणि १९१०-११ च्या हिवाळ्यांत लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती फर्दापूरजवळ तंबू ठोकून राहिली. ही बाई कोण होती ते समजून घ्यायला हवं, कारण आपल्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेला चित्रकामाचा ग्रंथ तिने १८९९ मध्ये इंग्रजीत आणला होता. अंड्याच्या बलकात रंग कालवायची जुनी टेम्परा पद्धत पुन्हा चालू करणाऱ्यांत ती पुढे होती. त्या ग्रंथात शिकाऱ्याला एक सल्ला आहे : एकच चांगला गुरू निवड आणि रोज त्याचीच चित्रं गिरव, आज याचं, उद्या त्याचं असं केलंस तर कोणाचीच रीत अंगी लागणार नाही. आपल्या गाण्यातली तालीम याहून काय वेगळं सांगते? एका घराण्याचा गळा आधी तयार कर, मग इकडेतिकडे बघ.

तर हा सल्ला ज्या बाईच्या लेखणीतून गेला होता, तिने अजिंठ्यात तरुण मंडळी जमवली. कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकूर आणि भगिनी निवेदिता यांनी पाठवलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा. नंदलाल सत्तावीस वर्षांचे, हालदार जेमतेम एकोणिसाचे. विलायतेहून डोरोथी लार्चर. आणि हैदराबाद संस्थानातून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, हे वेगळं सांगायला नको. १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने या प्रतींचा संग्रह छापला.

म्हणजे बंगालची पोरं आणि हैदराबादची पोरं त्याच गुंफांत, त्याच अंधारात, त्याच वटवाघळांच्या सहवासात काम करत होती. पुढच्या इतिहासात एका गटाची नावं राहिली, दुसऱ्याची तळटिपेत गेली.

खांद्यापासून हललेला हात

मूळ आकाराची प्रत करायची तर काय करावं लागतं ते ड्रॉइंग बोर्डवर काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. वहीच्या पानावर वळण काढताना बोटं आणि मनगट हलतं. तीन फूट लांबीची एकसंध रेघ ओढायची असेल तर मनगट पुरत नाही. हात खांद्यापासून हलवावा लागतो आणि श्वास धरावा लागतो. मध्ये थांबलात तर सांधा दिसतो. बोधिसत्त्व पद्मपाणीच्या खांद्यापासून कोपरापर्यंतची रेघ ज्याने मूळ मापात पुन्हा पुन्हा ओढली, त्याच्या खांद्याला ती पाठ होणारच. रंग डोळ्याने आठवतात. रेघ स्नायूंच्या आठवणीत राहते.

नंदलालांच्या बाबतीत हे पुढे स्पष्ट दिसतं. अवनींद्रनाथांच्या शाळेतलं चित्र तोवर लहान कागदावर, धुक्यासारख्या पातळ रंगांत, कडा पुसलेलं असायचं. अजिंठ्याहून आल्यावर नंदलालांची कड पुसट राहिली नाही. १९२१ मध्ये ते हालदारांबरोबर ग्वाल्हेर संस्थानातल्या बाघ गुंफांच्या प्रती करायला गेले. शांतिनिकेतनात त्यांनी विद्यार्थ्यांना भिंतीवर काम करायला लावलं. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत ढोलवाला, शेतकरी, कारागीर अशी चित्रं केली. तिथे बंगालच्या पटचित्रांचा हात जास्त आहे, हे मान्य. पण जाड-बारीक होणाऱ्या रेघेवर अख्खा देह उभा करायचं धाडस अजिंठ्याशी नातं सांगतं.

आणि सगळ्यात ठळक दाखला तर मराठी माणसाला सहज बघता येईल असा आहे. बडोद्याला, गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात. सयाजीराव महाराजांच्या निमंत्रणावरून नंदलालांनी १९३९ पासून काही वर्षांच्या टप्प्यांत तिथल्या भिंती रंगवल्या : गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, महाभारतातलं युद्ध. तिथे उभं राहून बघा. प्रसंगांना चौकट नाही. गर्दी आहे, पण माणूस हरवत नाही. बाहेरची रेघ खांद्यापासून ओढलेली आहे. १९१० च्या हिवाळ्यात हातात आलेली गोष्ट तीस वर्षांनी दुसऱ्या गावच्या भिंतीवर उतरली. मधल्या काळात त्या हाताने जपानी शाई, पटचित्रं, राजस्थानी लघुचित्रं असं बरंच पचवलं होतं, म्हणून ती अजिंठ्याची नक्कल झाली नाही.

याच तंबूत राहिलेल्या सगळ्यांचं असं झालं नाही. वेंकटप्पा म्हैसूरला गेले आणि त्यांचा ओढा बारीक कामाकडे, निसर्गदृश्यांकडे राहिला. तेच गाव, तीच भिंत, तेच दिवस. उमटणं मात्र वेगवेगळं. म्हणजे नुसता सहवास पुरेसा नाही. मुळात काही शोधत असलेल्या हातालाच ते सापडतं.

न गिरवता उतरलेला अजिंठा

इथे कोणी म्हणेल, की गिरवल्याशिवाय शैली उतरतच नाही का? उतरते. अमृता शेरगिल १९३६ च्या अखेरीस मुंबईतलं प्रदर्शन आटोपून अजिंठा-वेरूळला आली आणि तिथून आपल्या हैदराबादला. इथे तिची चित्रं मांडली गेली. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, यांनी ती पाहिली पण घेतली नाहीत. ज्या माणसाने अख्ख्या जगातून वस्तू गोळा केल्या त्याच्या संग्रहात शेरगिल येता येता राहिली, याची हळहळ आपल्या शहराला वाटायला हवी.

इथून ती दक्षिणेला गेली आणि १९३७ मध्ये तिने तीन मोठी तैलचित्रं केली : वधूचा शृंगार, ब्रह्मचारी आणि बाजाराला निघालेले दक्षिणी गावकरी. पॅरिसमध्ये शिकलेली ही मुलगी. रंग तेच तैलरंग, जे ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी वापरले. पण तिने अजिंठ्याची एक ओळही तशीच उचलली नाही. तिने घेतलं ते रचनेचं शहाणपण : माणसं जवळजवळ बसवायची, अंगांचे तांबूस-काळसर आकार सपाट ठेवायचे, मध्ये पांढरं वस्त्र झळकू द्यायचं, आणि बोलायचं काम हातांवर सोपवायचं. अजिंठ्यात मुद्रा बोलतात, तिच्या चित्रांतही हातच बोलतात.

बोमनजी आणि शेरगिल शेजारी ठेवा म्हणजे मुद्दा कळतो. एकाने वर्षानुवर्षं गिरवलं आणि स्वतःच्या चित्रात आणलं नाही. दुसरीने थोडे दिवस पाहिलं आणि आणलं. नंदलालांनी गिरवलंही आणि आणलंही. चौथा प्रकार राहिला, आणि तो आपल्या गावचा आहे.

सय्यद अहमद

हेरिंगहॅमबाई १९११ मध्ये गेल्या. कलकत्त्याची मंडळी परत गेली. सय्यद अहमद अजिंठ्याचेच झाले.

१९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं. त्यामागे अकबर हैदरींचा पाठिंबा होता आणि प्रमुख होते गुलाम यझदानी. खात्याने अजिंठ्याकडे जे लक्ष दिलं ते तोवर कोणी दिलं नव्हतं. सय्यद अहमद यांच्याकडे तिथली देखरेख, म्हणजे क्युरेटरचं काम आलं, आणि प्रती करणं चालूच राहिलं. १९२०-२२ च्या दोन हंगामांत इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे तज्ज्ञ आणून सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा पक्का करण्यात आला. यझदानींचे ‘अजंता’चे चार भाग १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ मध्ये निघाले, ते छायाचित्रांवर आधारलेले. म्हणजे संस्थान कॅमेऱ्याकडे वळलं तेव्हाही हाताने होणाऱ्या प्रतींचं काम मोडीत निघालं नव्हतं.

आता या माणसाच्या हाताचा विचार करा. आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्याची रेघ ओढण्यात गेला, आणि तो दुसरा दीड हजार वर्षांपूर्वी मेलेला. आज सय्यद अहमद हे नाव अजिंठ्याच्या प्रतींशीच जोडलेलं आहे. ‘सय्यद अहमद शैली’ असं कोणी म्हणत नाही. जुन्या चित्रकाराची शैली त्यांच्यात एवढी उतरली, की त्यांच्या स्वतःच्या शैलीला जागाच उरली नाही. कलेच्या इतिहासाला असा माणूस कुठे बसवावा ते कळत नाही, कारण तो इतिहास वेगळेपणाची नोंद ठेवतो. जो जितका मूळाला चिकटून राहील तितका तो या इतिहासातून पुसला जातो.

जुन्या इंजिनिअरिंग ऑफिसांत ‘ट्रेसर’ नावाची जागा असायची. पेन्सिलीत केलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवणं हे त्याचं काम. ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट असते. तिच्यात आखणाऱ्याचं, ट्रेस करणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं आणि मंजुरी देणाऱ्याचं अशा सगळ्यांच्या सह्यांना रकाना असतो. पूल पुढे मंजुरी देणाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, पण साइटवर जे काम होतं ते ट्रेसरच्या शाईवरून. त्याचा हात घसरला तर सळईचा आकडा चुकतो. त्या चौकटीत त्याच्या सहीला निदान एक रकाना तरी होता. आपल्या कलेच्या इतिहासात तेवढाही नाही.

प्रत मूळाहून मोलाची होते तेव्हा

‘नकलाच तर आहेत’ याला आणखी एक उत्तर आहे, आणि ते हिशोबाचं आहे. गिलच्या प्रती १८६६ ला जळाल्या. ग्रिफिथ्सच्या बऱ्याचशा १८८५ ला जळाल्या. जपानहून सावामुरा आणि अराई काम्पो यांच्या गटाने १९१७-१८ मध्ये नेलेल्या आखण्या १९२३ च्या तोक्योच्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. अजिंठ्याच्या प्रती समुद्रापार नेल्या की आगीच्या तोंडी पडतात, असा जणू शापच. आपल्या प्रती मात्र संस्थानातच केल्या आणि संस्थानातच ठेवल्या.

आणि भिंत? ती थांबलेली नाही. गिल-ग्रिफिथ्सच्या काळात चित्र नीट दिसावं म्हणून त्यावर व्हार्निश फासलं गेलं. इटालियन तज्ज्ञांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे लाखेचा थर दिला. त्याने गिलावा आणि रंग धरून ठेवले, पण वर्षांनुवर्षांत तो पिवळा-काळसर पडला. अलीकडच्या पुरातत्त्व रसायनज्ञांना तो हळूहळू काढत बसावं लागलं. मधल्या काळात ओल, वटवाघळं, पर्यटकांचा श्वास. त्यामुळे १९०९-११ च्या हिवाळ्यांतल्या प्रती लाखेच्या आधीच्या डोळ्यांनी पाहिलेला अजिंठा दाखवतात, आणि नंतरच्या प्रती दशकादशकाची साक्ष देतात. अमुक कोपऱ्यातली दासी तेव्हा होती की नव्हती, हे विचारायचं तर प्रतीलाच विचारावं लागतं. अर्थात ही साक्ष डोळे मिटून घ्यायची नाही. प्रतकार फुटलेली रेघ जोडतो, पुसटलेला चेहरा पुरा करतो. म्हणून त्याचा हात ओळखता यायला हवा, आणि हात ओळखायचा तर आधी त्याचं नाव माहीत हवं.

हे नाव आपल्यातून का निसटलं त्याचं कारण मला १ नोव्हेंबर १९५६ या तारखेत दिसतं. राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्र प्रदेशात. गुंफा तिकडे गेल्या, प्रती इकडे राहिल्या. मराठीत अजिंठ्यावर लिहिणारे गिलवर थांबतात, फार तर ग्रिफिथ्सपर्यंत येतात. कारण पुढची कागदपत्रं निजाम सरकारची, उर्दूत आणि इंग्रजीत, आणि चित्रं दुसऱ्या राज्याच्या राजधानीत. इकडे हैदराबादवर लिहिणाऱ्यांना अजिंठा आता ‘महाराष्ट्राचा’ वाटतो. बंगालने नंदलालांची कथा लिहिली, ती लिहायलाच हवी होती. सय्यद अहमद यांची कथा कोणी लिहायची यावर दोन राज्यांपैकी कोणाचाच दावा नाही.

मला वाटतं ती आपण लिहावी. हैदराबादच्या मराठी माणसाची अडचण हीच त्याची सोय आहे. त्याला मराठी वाचता येतं, दखनी समजते, घरातल्या आजोबांनी उर्दू माध्यमात शिक्षण घेतलेलं असतं, आणि औरंगाबादला त्याचे सोयरे असतात. भिंत आणि प्रत दोन्ही त्याच्या घरच्या वाटेवर आहेत.

काम कठीण नाही. पब्लिक गार्डनमध्ये ममीच्या आधी अजिंठ्याच्या दालनात जा. एकच प्रत निवडा आणि तिच्यासमोर पंधरा मिनिटं उभे राहा. खांद्यापासून मनगटापर्यंत रेघ डोळ्याने चालत जा. कुठे जाड होते, कुठे अडखळते, कुठे सांधा आहे ते बघा. प्रतीवर किंवा पाटीवर नाव असेल तर लिहून घ्या, नसेल तर तसं लिहून घ्या. मग पुढच्या वेळी छत्रपती संभाजीनगरला लग्नाकार्याला जाल तेव्हा एक दिवस काढून तोच प्रसंग गुंफेत शोधा आणि काय उरलं, काय गेलं ते टिपा. अशा नोंदी साठत गेल्या तर त्या दालनातल्या प्रत्येक प्रतीखाली एक दिवस पुरी पाटी लागेल : गुंफा कोणती, प्रसंग कोणता, प्रत केव्हाची, आणि हात कोणाचा.